लेकाच्या घड्याळाचं पेन

मेलेल्या घड्याळांची पेनं करणारा गुंडा आष्ट्यात सगळ्यांना माहीत होता. फौजेच्या वर्कशॉपात तो घड्याळदुरुस्ती शिकला आणि सुटून आल्यावर बाजारपेठेत टेबल टाकून बसला. जी घड्याळं पुन्हा चालणारच नाहीत, त्यांची चाकं फेकायला त्याचा जीव होईना. मग मिरजेला जाऊन तंबोऱ्याच्या खुंट्या करणाऱ्या एका कारागिराकडून तो लाकूड फिरवत गोल तासायचं कातकाम शिकून आला. साच्यात पातळ, काचेसारखी राळ ओतायची, चिमट्यानं चाकं आत सोडायची आणि राळ दगडासारखी घट्ट झाली की कातून, घासून पेन करायचं. लोक जावयाला द्यायला ती पेनं हौसेनं नेत.

१९७३च्या उन्हाळ्यात हंबीरराव आले. ऊसवाले बागायतदार. त्यांचा मुलगा बाळासो एकाहत्तरच्या लढाईत मारला गेला होता. त्याचं घरी आलेलं मनगटी घड्याळ त्यांनी टेबलावर ठेवलं.

"ह्याचं पेन कर. मला लिवाय कुठं येतंय, पर खिशाला लावीन."

गुंडानं घड्याळ कानाला लावलं. "आवं, हे चालू हाय! चालू घड्याळ मी मोडत न्हाई."

"चालू हाय म्हणूनच आणलंय." हंबीरराव म्हणाले. "त्याची आई, मनुबाई, रोज घड्याळाला चावी देती आन् कानाला लावून बसती. जेवत न्हाई, बोलत न्हाई. हे चालतंय तवर पोरगं येणार, म्हणती. मला बघवंना गड्या."

"त्यांनी दिलं व्हय मोडायला?"

"दिलं," रस्त्याकडं बघत ते म्हणाले.

गुंडाला ते खरं वाटलं नाही. पण साठीतला तो माणूस समोर असा खचून बसला होता, की त्याच्यानं पुन्हा विचारवलं नाही.

पेन सुरेख झालं. एक बुडबुडा नाही, एक चरा नाही. हंबीरराव ते खिशाला लावून गेले.

पुढच्या बाजाराला मनुबाई आली. तिनं मुठीतलं पेन गुंडासमोर धरलं.

"साफ करून आणतो म्हणून नेलं हुतं ह्यांनी. काढ भाईर."

"आक्का, आता न्हाई निघायचं ते."

"तूच घातलंस न्हवं? मग तूच काढ."

गुंडा ते घेऊन घरी गेला. राळ विरघळेल म्हणून त्यानं नाना औषधं लावून बघितली, तापवून बघितली. शेवटी बारीक करवतीनं कापायला घेतली. राळ तडकली आणि तिच्यासोबत आतली चाकंही मोडली. त्याची बायको राहीबाई चुलीपाशी बसून बघत होती. तिनं नुसतं तोंड फिरवलं.

तो तुकडे फडक्यात बांधून मनुबाईकडं गेला. सोबत तसंच दुसरं घड्याळ नेलं होतं, चालू. तिनं ते हातातसुद्धा घेतलं नाही.

"दुसऱ्याचं घड्याळ मी कशाला ऐकू?"

त्यानंतर ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. हंबीररावांनी हात जोडले, पावण्यारावळ्यांनी समजूत घातली, काही उपयोग झाला नाही. तिचं जेवण आणखीच तुटलं.

गुंडानंही पुन्हा पेन केलं नाही. डब्यातली राळ डब्यातच घट्ट होऊन गेली. गिऱ्हाइकं विचारून विचारून थांबली. पुढं दुरुस्तीला आलेली घड्याळंही तो न उघडताच परत द्यायला लागला, आणि शेवटी टेबल मोडून तो साखर कारखान्याच्या फाटकावर राखणीला लागला.

१९७७च्या थंडीत मनुबाई गेली. गुंडा मातीला गेला होता. सगळे पांगल्यावर हंबीरराव त्याच्याजवळ आले.

"तुझा काय दोष न्हाई रं. खोटं मी बोललो."

"मला तवाच कळलं हुतं ते," गुंडा म्हणाला.

हंबीररावांनी त्याच्याकडं बघितलं. मग ते चितेकडं वळले.