तीन स्टारचं सासर

आमच्या अकोल्याच्या मामांनी जिला स्टार दिले नाहीत अशी जागा पृथ्वीच्या पाठीवर नाही. असलीच, तर ती मोबाईलच्या नकाशावर नसेल. मास्तरकीतून निवृत्त झाले आणि पेपर तपासणारा हात रिकामा पडला. त्यात कोणीतरी दाखवलं, की नकाशावरच्या कुठल्याही ठिकाणाखाली आपलं मत लिहिता येतं आणि ते साऱ्या जगाला वाचता येतं. झालं! रसवंतीला चार स्टार, स्मशानभूमीला तीन ("सावली हाय, बसाले बाक नाही"). सेमाडोहच्या जंगलाला दोनच, कारण वाघ दिसला नाही. मी म्हटलं, "मामा, त्यात जंगलाचा काय दोष?" तर म्हणाले, "मंग काय माहा हाय?" बरं, चेष्टा करावी तर लोक वाचतही होते. तिवशाच्या एका खानावळवाल्याने मामांचा शेरा वाचून वरणातलं पाणी कमी केलं, असं निदान मामा तरी सांगतात.

मग त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, वैशूचं, लग्न वरूडला जुळत आलं. संत्र्यांचा व्यापार, घराला लागूनच पॅकिंगची शेड, आणि मुलगा वैशूला मनापासून आवडलेला. रिवाजाप्रमाणे मामा मुलाचं घर पाहून आले. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. आणि या सद्गृहस्थांनी परतीच्या बसमध्येच त्या शेडच्या नावाखाली लिहून टाकलं, "माणसं लाखमोलाची. चहा कोमट. तीन स्टार."

वैशू रडकुंडीला आली. "बाबा, काहून लिहलं तुमी असं? लग्न मोडलं ना, तर मी जन्मात बोलणार नाही तुमच्याशी! काढा ते आधी." मामांचा चेहरा उतरला, पण अंगठा काही हलेना. "लोकायचा भरोसा हाय माह्यावर. पोरीचं सासर म्हणून खोटे स्टार देऊ?" मामींनी कपाळावर हात मारला. घरात कोणी धड जेवेना. आणि मग त्या शेऱ्याखाली वरूडहून व्याह्यांचंच उत्तर आलं, "गुरुजी, चहा कोमटच राह्यते. आमची म्हातारी स्वतः करते, अन् तिले सांगाची घरात कोनाची हिंमत नाही. तुमी सांगतलं, लय बरं झालं. सुपारी कधी फोडाची?"

लग्न थाटात झालं. वैशू सुखात आहे. परवा माहेरपण उरकून ती परत निघाली, तेव्हा मामा तिला स्टँडवर सोडायला गेले. संध्याकाळी मी सवयीने मामांचं लिखाण उघडलं. उशिरा सुटणाऱ्या एसटीच्या नावाने जन्मभर बोटं मोडणाऱ्या या माणसाने स्टँडखाली लिहिलं होतं, "वरूडची गाडी अगदी वेळेवर सुटली. एक स्टार."

खाली कोणा अनोळखी माणसाने विचारलं होतं, "मग काका, तक्रार काय?"