बांधावरचे तीन जावई

कर्जत-खालापूर दोन्ही तालुके पालथे घाला, वाऱ्याला "थांब रं जरा" म्हणून दम देणारा माणूस एकच सापडंल, आन तो नेमका माझा साडू. देवानं मला अक्कल देताना हात आखडता घेतला, पण साडू मात्र ओंजळ भरून दिला.

दहिवलीला त्याचा फोटो स्टुडिओ हाय. पासपोर्टच्या फोटोंवर पोट चालतं, पण जीव सगळा डोंगरात. त्याचं म्हणणं, कॅमेऱ्याला माणसाचा डोळा नाय. आभाळ नीट घ्यावं तर खालचं शेत काळं, शेत नीट घ्यावं तर आभाळ चुना फासल्यासारखं. म्हणून हा एकाच जागेवरून तीन फोटो काढणार, एक काळपट, एक मधला, एक पांढराफेक, आन मग कॉम्प्युटरवर तिघांतलं चांगलं तेवढं उचलून एक फोटो करणार. मधी काय हललं की संपलं, त्याचं भूत होतं. एका लग्नात नवरानवरीला डोंगरासमोर उभं करून यानं हेच केलं. नवऱ्याला शिंक आली. अल्बमात त्याला दोन नाकं. पोरीचा बाप म्हणाला, "हे आधी सांगायला नको?"

बरं, हा खेळ फोटोवरच थांबंल तर शपथ. माझं नि बायकोचं भांडण झालं की हा मधी बसणार, दोघांचं ऐकणार, आन सांगणार, "तुझं लय काळं हाय, हिचं लय पांढरं हाय. आता दोन्ही एकावर एक ठेवू." ठेवलं की दोघी बहिणी एक होतात आन आमी दोघं ओट्यावर जेवतो.

तर आमचे सासरे, त्यांना आमी मामा म्हणतो. त्यांचं शेत भिवपुरीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. गेल्या भाताला मामा पडले, मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाला, आपरेशन लवकर करा, नायतर कायमचं खाटेवर. मामा म्हणाले, "शेत बघितल्याबिगर मी हलायचा नाय. तिकडं माझं काय बरंवाईट झालं तर?" आता शेतापर्यंत गाडी जात नाय, मधी ओहोळ. मोडक्या मांडीचा माणूस नेणार कसा? मी हुशारी केली, मोबाईलवर फोटो काढून आणला. मामांनी बघितला आन परत दिला. "वरती राख, खाली कोळसा. ही करपलेली भाकर कुणाची रं?"

माझी लाज गेली, ती काय नवीन नाय. पण साडू उठला. मामा त्याला बारा वर्षं "फोटूवालं पाव्हणं" म्हणायचे, आन ते कौतुकानं नाय. डॉक्टरनं दोन दिवस दिलेले.

पहिल्या सकाळी वारा. तयार भात, सारखं डुलतंय. साडू बोट वर करून उभा, "थांब रं बाबा, माझ्या सासऱ्याचा जीव अडकलाय." वारा कशाला ऐकतोय? दुसऱ्या सकाळी त्यानं मला शेताच्या पार टोकाला धाडलं, शेजाऱ्याची म्हस अडवायला. "आन तिकडचा वारा पडला की सांग."

मी आज्ञाधारक माणूस. वारा पडला. ओरडलो तर म्हस बुजंल, म्हणून बांधावरून चालत निघालो सांगायला. समोरून ऊन येत होतं, म्हणून साडूचं डोकं कॅमेऱ्यावर टाकलेल्या टॉवेलात. कॅमेरा जुना, दर फोटोला उजेड कमीजास्त करायचं चक्र हातानं फिरवायचं, त्यात वेळ जायचा नि नजर चक्रावर. मी पोचलो, म्हणालो, "दादा, वारा पडला."

टॉवेलातून आवाज आला, "म्हायती हाय. तिन्ही झाले."

दुपारी स्टुडिओत फोटो जुळवला. डोंगर आला, आभाळ आलं, सावलीतलं भात लोंबीन् लोंबी आलं. आन बांधावर मी. तीन ठिकाणी. साडूला शिव्या द्यायलाही वेळ नव्हता. तसाच दाराएवढा छापला आन मामांच्या खाटेसमोर धरला.

मामांचं बोट फोटोवर फिरायला लागलं, डोंगराच्या सोंडेवरून उंबरावर, उंबरावरून बांधावर. तिथं थांबलं.

"ह्ये तिघं कोण?"

"मीच, मामा."

"तिघंबी तूच?"

"हो."

"आन बांध हितं फुटलाय, ओहोळाचं पाणी माझ्या भातात शिरतंय, ते तिघांतल्या एकालाबी दिसलं नाय?"

आमी वाकून बघितलं. खरंच, सावलीत पाण्याची रेघ चमकत होती. मी त्यावरूनच टांग टाकून आलेलो. घरात असा हशा पिकला की शेजारीण डोकावली.

मामा साडूकडं वळले. "जावयबापू, दोन सालं झाली, बांधावर उभं राहूनबी मला सावलीतलं एवढं दिसत नव्हतं." मग आवाज चढवून, "गाडी बोलवा, येतो मी आपरेशनला. आन आधी ह्या तिघांना फावडं द्या!"

गाडी गेली, बायका बरोबर गेल्या. आमी दोघं बांध घालायला. माती टाकून पाणी बंद केलं तवर दिवस कलला. समोरच्या डोंगरावर पिवळं ऊन, खाली शेतात सावली.

मी म्हणालो, "दादा, कॅमेरा आणू?"

"नको." तो चिखलातच बसला. फावडं बाजूला टाकून म्हणाला, "मामा बरे होतील ना रं?"

मला काय म्हायती? मी म्हणालो, होतील.

बारा वर्षांत पयल्यांदा त्यानं माझं बोलणं काय न विचारता खरं धरलं, आन डोंगराकडं बघत बसला.