कानसेन आणि खिडकीजवळची खुर्ची

ओळखीपाळखीचे सगळे त्याला कानसेन म्हणत आणि त्यालाही ते मनापासून आवडायचं. लोकांच्या घरी स्टिरिओ बसवायचा आणि त्याला सबवूफर जोडून द्यायचा, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. सबवूफर म्हणजे तो जाडजूड डबा, ज्यातून गाण्यातले अगदी खालचे, पोटात घुमणारे सूर येतात. हा डबा कुठंही ठेवून चालत नाही. त्यासाठी कानसेनची एक रीत होती. डबा उचलून थेट गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण हातागुडघ्यांवर अख्खी खोली रांगायची. जिथं सूर भरून आणि स्वच्छ ऐकू येतील, तीच डब्याची जागा. एकदा एका बँक मॅनेजरच्या दिवाणखान्यात हा असा रांगत होता, तेवढ्यात मॅनेजरची सासू आत आली आणि किंचाळत बाहेर पळाली. पण जागा अशी सापडली की मॅनेजर वर्षभर त्याचंच नाव घेत होता.

आता गंमत ऐका. शे-दोनशे घरांतून रांगलेला हा गृहस्थ स्वतःच्या घरात एकदाही रांगला नव्हता! बावीस वर्षांपूर्वी पुढच्या भिंतीशी डबा ठेवला, मागच्या भिंतीला आपली आरामखुर्ची टेकवली, बसला आणि म्हणाला, "वा!" झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते काही उगीच नाही.

बायकोची खुर्ची त्या दोन भिंतींच्या बरोब्बर मधे, बाजूच्या खिडकीपाशी. ती एका छापखान्याची मुद्रितं घरी तपासायची, तिला उजेड लागायचा. गाणं लागलं की हा डोळे मिटून डोलायचा आणि ती खाली मान घालून काना-मात्रा बघायची. "ऐकलंस का, काय घुमलं!" म्हटलं की ती हसून "हो" म्हणायची, आणि त्या "हो"त काही दम नसतो हे याला कळायचं. मग पाहुण्यांदेखत ठरलेला शेरा, "गाढवापुढे वाचली गीता!" पाहुणे हसायचे. तीही हसायची.

इथवर ठीक होतं म्हणा. पण आठ महिन्यांपूर्वी लेक आली. परगावी एका वाद्यवृंदात ती बेस गिटार, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवते, तिचं पहिलं ध्वनिमुद्रण घेऊन आली. त्यात मधे बाकी सगळे थांबतात आणि मिनिटभर ती एकटी वाजवते, सगळ्यात जाड तारेवर. लेक बापाच्या खुर्चीच्या हातावर टेकली. आई आपल्या जागी. तुकडा संपला, बापाच्या डोळ्यांत पाणी. आणि आईनं विचारलं, "छान आहे गं. पण यात तू कुठं वाजवलंस?"

लेकीचा चेहरा पडला. वेळ निभावून नेईल तो कानसेन कसला! म्हणाला, "जाऊ दे बाळा. तिला पोटच्या पोरीचा सूरसुद्धा ऐकू येत नाही. कान नाही, दगड आहे." लेक संध्याकाळच्याच गाडीनं गेली. तेव्हापासून फोन करायची तो बापाला. आईशी "बरी आहेस ना" एवढंच.

त्यानंतर उद्या ती पहिल्यांदाच येणार होती. तिचा तुकडा दणक्यात वाजावा म्हणून कानसेननं दुसरा सबवूफर आणला. बायको छापखान्यात कागद द्यायला गेलेली. जुना डबा बंद केला, नवा आपल्या आरामखुर्चीत ठेवला, लेकीचं गाणं लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच घरात रांगायला लागला.

मागच्या भिंतीशी सूर दणदणीत. पुढं सरकला. लेकीचा एकटीचा तुकडा सुरू झाला आणि खिडकीपाशी येता येता तो सूर गेला. कमी झाला नाही, गेलाच! मागं उरली नुसती तारेवर बोटं घासल्याची खसखस. पिन सुटली असेल म्हणून तो मागं रांगला, तर सूर हजर. पुढं आला, गायब. मान वर केली तर डोळ्यांसमोर बायकोच्या खुर्चीचा पाय.

नवा बंद करून त्यानं नेहमीचा, पुढचा डबा लावला आणि बायकोच्या खुर्चीत बसला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच बसला तो तिथं. तुकडा आला. खसखस. परत लावला. खसखस. लेक नव्हतीच त्यात.

कारण त्याला पाठ होतं, गिऱ्हाइकांना तो हौसेनं सांगायचा. जाणारा सूर आणि भिंतीवरून परतणारा सूर मधे भेटतात. दोघांनी दोन्हीकडून सारखंच दार रेटलं की दार जागचं हलत नाही, तसं. चौदा फुटांच्या खोलीत त्या जाड तारेच्या सुराची अशी जागा बरोब्बर मधे, आणि ही खुर्ची नेमकी सात फुटांवर. हे त्याला कळायला हवं होतं. त्यालाच कळायला हवं होतं!

"अहो, हरवलं काय? तिथं का बसलात?" बायको दारात उभी होती.

"अगं, इथं ऐकूच येत नाही."

त्यानं सगळं सांगितलं. तिनं पिशवी खाली ठेवली.

"मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते," ती म्हणाली. "ती गेली त्याच आठवड्यात. ते म्हणाले, कान ठणठणीत आहेत. मग मला भीतीच वाटली. कान चांगले आणि तरी पोरीचं वाजवणं ऐकू येत नाही, म्हणजे माझ्या मायेतच काहीतरी खोट असणार."

"डॉक्टरनं सांगितलं तरी?"

"तुम्ही कानसेन ना. तुमच्यापुढे डॉक्टर काय!"

त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. दोन्हीकडून डबे एकदम वाजले की परतणारे सूर दबतात, म्हणून त्यानं नवा डबा मागच्या भिंतीशी ठेवला, दोन्हींचा आवाज जुळवला आणि तिला तिच्या खुर्चीत बसवून गाणं लावलं. लेकीचा तुकडा आला तशी तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. "अगं बाई," एवढंच म्हणाली. मग, "परत लावा." असं पाच वेळा. मागच्या आरामखुर्चीतला तो जुना दणका मात्र निम्म्यावर आला होता. कानसेन तिथं बसून तेवढ्यावरच ऐकत राहिला.

"मी आत्ताच तिला फोन करतो," तो उठला.

"नको." डोळे पुसून ती म्हणाली. "उद्या येऊ दे. तिला माझ्या खुर्चीत बसवा. आणि तुमचा नवा डबा बंद ठेवा."

दुसऱ्या दिवशी लेक आली. "इथं कशाला?" म्हणत खिडकीजवळ बसली. आई आरामखुर्चीत, बाप ॲम्प्लिफायरपाशी उभा. गाणं सुरू झालं, सगळी वाद्यं थांबली. लेक थोडा वेळ वाट बघत राहिली. मग गोंधळून तिनं मान पुढं केली.

"बाबा," ती म्हणाली, "यात मी कुठंय?"

आणि म्हणता म्हणताच हळूच वळून तिनं आईकडे बघितलं. कानसेननं मान खाली घातली आणि मागच्या डब्याचं बटण दाबलं.