म्हात्रे गुरुजींचा देश

स्वातंत्र्य मिळून दोनच महिने झाले होते. म्हसळ्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत मी सहायक शिक्षक म्हणून रुजू झालो. मुख्याध्यापक म्हात्रे गुरुजी अलिबागकडचे. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले. अर्जावरचे ‘कासम’ हे माझे नाव वाचून त्यांनी विचारले, “तुम्ही इथंच राहणार, की पाकिस्तानात जाणार?”

मी तरुण होतो. म्हणालो, “हा प्रश्न आपण शाळेतल्या आणखी कुणाला विचारलात?”

संध्याकाळी गुरुजी आमच्या दारी आले आणि माझ्या आईसमोर हात जोडून म्हणाले, “आई, सकाळी मी चुकलो. इंग्रजांशी भांडता भांडता देश म्हणजे कोण, याचा विचारच राहून गेला.” आईने त्यांना तांदळाची भाकरी आणि बांगड्याचे कालवण वाढले. गुरुजी पोटभर जेवले.

त्यांच्या साठीनिमित्त त्यांच्या त्यागाविषयी पुष्कळजण लिहितील. मला लिहायचे आहे ते स्वतःचे मत बदलण्याच्या आणि बदललेल्या मतावर ठाम राहण्याच्या त्यांच्या धैर्याविषयी.

गुरुजी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले, तेव्हा बेचाळीसला त्यांच्याबरोबर तुरुंगात राहिलेले काही सहकारीच त्यांना फुटीर म्हणू लागले. गुरुजींनी भर सभेत सुनावले, “आईच्या भाषेत राज्य मागितलं म्हणून देश लहान होत नाही. लहान झालंय ते तुमचं मन.” बदलीची धमकी आली. त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

पासष्टच्या युद्धात खाडीवर पहारा ठेवायचे ठरले. शाळेच्या पडवीत गावकरी नावांची यादी करत होते. माझे नाव येताच सरपंच म्हणाले, “कासम मास्तर नको. त्यांची बहीन कराचीला हाय.”

अठरा वर्षे त्यांची मुले मी शिकवली होती.

गुरुजी उठले. “हाच संशय एकदा मी घेतला होता. त्याची लाज मला अजून वाटते. मास्तर नको असतील, तर माझंही नाव खोडा.”

“तुमचं कसं खोडायचं, गुरुजी? तुम्ही देशासाठी जेलात गेलाव!”

“गेलो. पण दुसऱ्याची देशभक्ती मोजायचा परवाना घेऊन आलो नाही!”

दोन्ही नावे राहिली. पण दुसऱ्या दिवशी चार घरांनी मुले शाळेत धाडली नाहीत. त्याच दिवशी गुरुजींनी इतिहासाचा तास माझ्याकडे सोपवला; आजवर तो त्यांनी कुणालाही दिला नव्हता. शाळा सुटल्यावर ते त्या चारही घरी गेले, रोज जात राहिले. आठवड्याभरात तीन घरांतली मुले परतली. चौथे घर आजही बधलेले नाही, आणि गुरुजींनीही त्या घराची पायरी चढणे सोडलेले नाही.

आता गुरुजींनी विसावा घ्यावा, असे काहीजण म्हणतात. मी तसे मागणार नाही. अल्ला त्यांना शंभर वर्षे निरोगी ठेवो, त्यांचे गुडघे धड ठेवो आणि जीभ अशीच तिखट ठेवो. देश कुणाचा, हा वाद अजून मिटलेला नाही. त्या वादात आम्हांला गुरुजी हवे आहेत.