आज दोनच जागा शिल्लक

हे सांगायचं मी सहा वर्षं टाळत आलो. आता ऐकणारं माणूसही गावात राहिलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

कट्टा गावच्या बाजारात माझा दवाखाना आहे. पुण्यातल्या पुतणीने त्याची वेबसाइट करून दिली होती. लोक पान उघडून बघतात, पण नंबर लावत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. तिने माझा कोटातला फोटो खाली नेला, वेळा वर आणल्या, नंबर लावायचं बटण मोठं आणि हिरवं केलं. तरी फरक पडेना. तेव्हा मीच तिला म्हटलं, बटणाच्या वर एक ओळ घाल: आज दोनच जागा शिल्लक.

"काका, रोज तीच ओळ?"

"रोज तीच."

मग तिने ओळ घातली. लोक नंबर लावू लागले.

शाळेपासूनचा माझा एक मित्र बोटीवरची नोकरी संपवून गावी राहत होता. घर दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. इतकी वर्षं तो पायरीवर चप्पल काढून सरळ आत यायचा. एकदा त्याने मला बाजारात अडवलं.

"काय रे, माझी नाडी बघूक आता रिझर्वेशन लागता काय?"

"लागता तर!" मी म्हटलं. दोघेही हसलो. खरं सांगायला तेवढाच वेळ लागला असता.

श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळपासून कोणीच आलं नाही. मी पेपर वाचला, शब्दकोडं सोडवलं. दुपारी त्याच्या शेजाऱ्याचा फोन आला. मी पोचलो तेव्हा तो गेला होता. दाखला मीच लिहिला.

बाराव्याला मी त्यांच्या ओटीवर बसलो होतो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, बाहेर आल्या.

"सकाळी छातीत जळजळता म्हणत होते. मी म्हटलंय, डॉक्टरांकडे जावा. तर मोबाइल बघून म्हणाले, दोनच जागा उरल्यात. कोणाचा पोर आजारी आसात, तेका मिळांदे. माझा काय, उद्या जायन." मग म्हणाल्या, "तुमचो दवाखानो चलता, ह्येचा त्यांका कौतुक होता."

मी मान हलवली. समोरचा चहा प्यायलो.

त्या संध्याकाळी ओळ काढायला लावली. पुतणीने कारण विचारलं नाही. तो आला असता तर वाचला असता की नाही, हे मला ठाऊक नाही.

वहिनी दर महिन्याला रक्तदाब तपासायला येत. नेहमी मोबाइलवर नंबर लावून. तरी आत शिरण्याआधी बाकावरच्यांना विचारत, "कोण घाईचो आसा काय? तेका आधी जावंदे." कित्येकदा बाकावर कोणीच नसे. तरी दारात थांबून त्या एकदा मागे बघत.

गेल्या महिन्यात लेक त्यांना मुंबईला घेऊन गेली. आदल्या दिवशी त्या शेवटच्या आल्या. मी दंडाला पट्टा बांधला, आकडा लिहिला, पट्टा सोडला. वाक्य तयार होतं: वहिनी, त्या दिवशी माझो दवाखानो रिकामो होतो. ती ओळ खोटी होती, माकाच सुचलली. माका माफ करा.

"गोळी चुकवू नकात," मी म्हणालो.