विमानकाकांचे नऊ तास

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, झेरॉक्सच्या दुकानाला लागून, विमानकाकांचं तिकिटाचं ऑफिस आहे. एक टेबल, दोन खुर्च्या आणि पृथ्वीचा गोल. गल्लीतली सगळी मुलं त्यांनीच परदेशी धाडली. स्वतः मात्र जन्मात विमानात बसलेले नाहीत. कुणी छेडलं की म्हणतात, "न्हावी स्वतःचे केस कापतो का?"

कॉम्प्युटर सगळं सांगतो, तरी आईबापांसमोर ते दोरा काढतात. गोलावर इथून तिथवर ताणायचा, पट्टीवर मोजायचा, किलोमीटर काढायचे, साडेआठशेनं भागायचं आणि चढउताराचा अर्धा तास वर धरायचा. माझी मुलगी पहिल्यांदा निघाली तेव्हा म्हणाले, "सात हजार दोनशे. नऊ तास, वहिनी. दोन जेवणं आणि एक झोप."

त्या नऊ तासांवर मी चार वर्षं काढली. काही झालंच तर दुसऱ्या दिवशी तिच्यापाशी पोचेन, एवढाच आधार.

गेल्या महिन्यात ती पंधरा दिवस येऊन परत गेली. पहाटे पाचला काकांचा फोन आला, "वेळेवर उडालं. आता जरा पडा." दुपारी दोनपर्यंत तिचा फोन यायला हवा होता. तीन वाजले, पाच वाजले. रात्री आठला फोन आला. "अगं, विमानच उशिरा सुटलं, आई. किती घाबरतेस!"

सकाळी मी काकांना गाठलं. "काल एवढा वेळ का लागला हो?"

"समोरून वारा होता. फार वारा."

"ती तर म्हणते, उशिरा सुटलं."

काका नीट लावलेले फॉर्म पुन्हा नीट लावू लागले.

मी त्यांचाच हिशेब उलटा केला. पंधरा तासांतून अर्धा वजा, साडेआठशेनं गुणलं. बारा हजारांच्या वर गेलं. तेवढा दोरा ताणला तर तो तिचं शहर मागे टाकून समुद्रापलीकडे गेला.

"कुठे आहे ती?"

त्यांनी गोलावर बोट ठेवलं. "वर्ष झालं. आधीची नोकरी गेली, ही तिकडे मिळाली. तुमचं तेव्हा ऑपरेशन होतं. म्हणाली, काका, आईला इतक्यात नको."

"मग ते 'इतक्यात' संपणार कधी होतं?"

वर्षभर मी त्याच खुर्चीत बसून त्या जुन्या शहरातल्या थंडीची चौकशी करत होते, आणि हा माणूस मान डोलावत होता. फोनवर चुकायला नको म्हणून दोन्ही शहरांच्या घड्याळांतला फरकसुद्धा त्यांनीच तिला लिहून दिला होता. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, वर जरा कौतुकानं!

मी उठले, तर म्हणाले, "मी बोललो हे तिला कळू देऊ नका हं. तिचा माझ्यावर फार विश्वास आहे."

"माझाही होता," मी म्हटलं.

रविवारी तिचा फोन आला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "किती वाजले गं तिकडे?"

"तिकडे? थांब हं," ती म्हणाली. मनात बेरीज चालली असणार.

"अकरा," ती म्हणाली. जुन्याच शहरातले.

पंधरा तास लांबच्या पोरीला फोनवर पकडून रडवायचं कसं, आणि रडली तर पोचायचं कधी? मी म्हटलं, "बरं. जेवून घे मग."