बोटाशी न बोलणारं तेल

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. अकोल्यात माझं दुचाकीचं गॅरेज आहे, आणि कुणी गिऱ्हाईक "टाका ना ताई कोणतंही ऑइल, तेल ते तेल" असं म्हणालं की मी त्याला बाकावर बसवते आणि चहा सांगते. चहा संपेपर्यंत त्याला माझं ऐकावं लागतं. साधं तेल जमिनीतून काढून गाळलेलं असतं. त्यातले कण लहानमोठे, म्हणून इंजिन फार तापलं की ते लवकर पातळ होतं, करपतं, त्याचा गाळ बसतो. सिंथेटिक तेल कारखान्यात बेतून केलेलं, सगळे कण एका मापाचे. ते तापातही धीर सोडत नाही. घर ते दुकान करणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीला साधं तेल वेळेवर बदललं तरी पुष्कळ झालं. पण जी गाडी काटा लाल रेघेला टेकवून पळवायची आहे, तिला साधं तेल घालणं म्हणजे पहिलवानाला ताकावर ठेवणं. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण मला ते येतं.

हा वाद मी पहिल्यांदा घातला तो माझ्या बाबांशी.

बाबांच्या बोटाला तेल कळायचं. इंजिनातून काढलेल्या तेलाचा थेंब ते अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळत, नाकाशी नेत आणि सांगत, "हे दोन हजार किलोमीटर चाललं. पिस्टनची रिंग गेली तुयी." ते नेमकं तसंच निघायचं. लोकांना तो चमत्कार वाटे. आमच्या घरात मात्र त्यामागची दुसरी गोष्टही माहीत होती. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. दोन वर्षांपासून त्यांना बारीक दिसत नव्हतं, आणि हे फक्त आईला आणि मला ठाऊक होतं. "मिस्त्रीच्या डोळ्याले पट्टी दिसली की गिऱ्हाईक उठते," म्हणून ते ऑपरेशनही टाळत होते. बोटांनी ते सगळं निभावून नेत.

ती वर्षंच तशी होती. कापसानं पाठोपाठ दगा दिला होता आणि त्याचा हिशेब आमच्या गॅरेजात वेगळ्या रीतीनं दिसायचा. गावाकडून गाडी येई ती बंद पडल्यावरच. तेल बदलायचं कुणी नाव काढत नसे, कमी झालं तेवढं वर टाकून घेत. उलट आमच्या डब्यातलं काळं जळकं तेल लोक मागून नेत, बैलबंडीच्या आसाला लावायला आणि लाकडाला वाळवी लागू नये म्हणून. मामा म्हणत होते, हे बंद करा आणि जागा मोबाइलच्या दुकानाला द्या. त्यांनी भाडेकरूही आणून दाखवला. पाडव्यापर्यंत काय ते सांगायचं होतं.

मी तेव्हा अमरावतीला डिप्लोमाचं शेवटचं वर्ष करत होते आणि दर शनिवारी गाडीनं अकोल्याला येत होते. मला नोकरी नको होती. मला ते गॅरेज हवं होतं. बाबांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं, पण गिऱ्हाईक माझ्या हातात पाना दिसला की विचारायचं, "मिस्त्री नाहीत का?"

अशात हिवरखेडहून एक धुरकरी आला. धुरकरी म्हणजे शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारा. पटावर बंदी आली, चारा महागला, जोडी विकावी लागली, आणि बेचाळिसाव्या वर्षी या माणसानं दोनशेवीस सीसीची जुनी मोटरसायकल घेतली. वाळक्या अंगाचा, निडर, हसरा. अकोल्याबाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळ्या केलेल्या एका वावरात मातीवरची मोटरसायकल शर्यत ठेवली होती, तिच्यात त्याला उतरायचं होतं.

"भोंग्यातून नाव आयकून तीन वर्षं झाले मिस्त्री," तो बाबांना म्हणाला. "एकदा पुकारलं पाह्यजे. मंग मी मोकळा."

बाबांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे इंजिन ताई बांधन," ते म्हणाले. "मी हात लावत नाही." आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "पाच फेऱ्या आहेत. पाचही पुऱ्या केल्या तुया इंजिनानं, तर चावी तुयी. नाही त मामाले हो म्हणतो."

इतकं सरळ होतं ते. मी एका पायावर तयार झाले.

तेल मी अमरावतीहून आणलं. तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानातले चाचा मला कारचं सिंथेटिक देत होते. "बेटी, इससे अच्छा कुछ नहीं, आँख बंद करके टाक." मी म्हटलं, "चाचा, मोटरसायकलचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडून राह्यते. कारच्या तेलात घसरण जास्त. ते टाकलं त गाडी वरडन खूप, अन् जाईन कुठीच नाही." चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या खोलीतून मोटरसायकलचे दोन डबे काढून दिले. दोन्ही एकेक लिटरचे. एक शर्यतीसाठी आणि एक शर्यत झाल्यावर बदलायला, असा माझा हिशेब.

बाबांनी त्यातला थेंब बोटांत घेतला. बराच वेळ चोळला, वास घेतला, पुन्हा चोळला.

"हे तेल बोटाले काही सांगत नाही," ते म्हणाले.

"बोटाले कायले सांगन? त्याचं बोलणं इंजिनशी आहे," मी म्हटलं. "तुमचं ते साधं तेल चौथ्या फेरीत करपून जाईन, बाबा. आता जमाना बदलला."

त्यांनी बोटं फडक्याला पुसली. नवं तेल त्यांना आवडलं नाही असं तेव्हा मला वाटलं. त्यांच्याजवळ उरलेली एकच गोष्ट ते तेल निरुपयोगी करत होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना रोग.

इंजिन मी तीन शनिवार-रविवार घेऊन बांधलं. व्हॉल्व्ह बसवले, रिंगा नव्या घातल्या, एक लिटर तेल मोजून भरलं. शर्यतीच्या आदल्या दुपारी गाडी धुरकऱ्याच्या हवाली केली आणि दुसरा डबाही त्याच्याच पिशवीत टाकला. "हा सांभाळून ठेवा भाऊ," एवढंच म्हटलं. कशासाठी ते सांगितलं नाही. मला माहीत होतं म्हणजे जगाला माहीत आहे, अशी माझी समजूत असते.

शर्यतीच्या सकाळी वावरात गर्दी लोटली होती. भजी, उसाचा रस, काळी माती, आणि धुरकऱ्यानं गाडीच्या टाकीवर गुलाल लावून आणलेला. बैलांना लावत तसाच.

बाबा माझ्याजवळ आले. "काडी पाह्यली का?"

इंजिनात तेल किती आहे ते दाखवणारी पट्टी, डिपस्टिक, तिला बाबा काडी म्हणत. तेल भरलेलं असो नसो, गाडी सुरू करण्याआधी ती काढायची, पुसायची, बुडवायची आणि पाहायची, हा त्यांचा रोजचा नेम.

"काल मोजून भरलं मी. एक लिटर म्हणजे एक लिटर," मी म्हटलं. "तेल काय उडून जाते रात्रीतून?"

"पाहून घे."

"बाबा, चार लोकांसमोर नका ना विचारू. लोकं म्हणतीन हिले भरोसा नाही."

ते दोरीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

पहिल्या दोन फेऱ्या तो माणूस असा पळाला की माझ्या अंगावर काटा आला. वळणावर बैलाच्या पाठीवर वाकावं तसा वाकायचा. तिसऱ्या फेरीला दुसऱ्या नंबरावर होता. भोंगेवाला म्हणू लागला, "हिवरखेडचे…" आणि तेवढ्यात गाडीच्या मागून निळसर धूर निघाला. आधी धागा, मग लोट. इंजिन खोकलं, अडखळलं आणि चौथ्या फेरीच्या सुरुवातीला बंद पडलं. भोंग्यानं नाव अर्धंच सोडलं आणि दुसऱ्याचं घेतलं.

आम्ही गाडी ढकलत बाजूला आणली. मी खालचा नट काढून तेल मापात सोडलं. लिटरभर निघायला हवं होतं. ते जवळजवळ दीड लिटर निघालं, फेसाळलेलं. इतकं जास्त तेल असलं की क्रँक ते घुसळून काढतो, त्याचा फेस होतो आणि ते हवेच्या वाटेनं वर चढून जळतं. तेल उत्तम असून उपयोग नसतो. अति तिथं माती, ती अशी.

माझं डोकं फिरलं. मी तशीच बाबांकडे वळले आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "तुमी टाकलं ना तुमचं तेल? बोटाले सांगत नव्हतं म्हणून?"

 बोलला तो धुरकरी. त्यानं पिशवीतून दुसरा डबा काढला. अर्धा रिकामा होता.

"ताई, मी पाजलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "पट असला की आमी पहाटे जोडीले जास्तीचं दूध-अंडे पाजत होतो. म्हटलं एवढं भारी तेल ताईनं देलं, अन् हिले काय उपाशी पळवू?"

कुणी हसलं नाही. तिथं उभ्या असलेल्या अर्ध्या लोकांनी तेच केलं असतं.

मग शहरातले एक म्हातारे मिस्त्री पुढे झाले. बाबांच्या बरोबरीचे. त्यांनी माप पाहिलं, डबा पाहिला आणि शांतपणे विचारलं, "त्याले काय ठाऊक. पण सुरू करायच्या आधी काडी कोनं पाह्यली?"

हाच खरा प्रश्न होता. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "पोरीनं बांधलं ना इंजिन?" मी तोंड उघडलं. शब्द निघायच्या आत बाबा बोलले.

"मी पाह्यली."

म्हातारे मिस्त्री त्यांच्याकडे वळले. "अन्?"

"मले काडीवरची खूण दिसत नाही," बाबा म्हणाले, मोठ्यानं, जणू भोंग्यातूनच. "दोन वर्षं झाले. पोरीनं बरोबर भरलं होतं. पाहायचं काम मायं होतं. मले दिसलं नाही."

दोन वर्षं जपलेली गोष्ट त्यांनी त्या वावरात अख्ख्या अकोल्याच्या हातात दिली. त्यांनी काडी पाहिली नव्हती. ती मी पाहिली नव्हती. ते विचारायला आले होते आणि मी त्यांना परत पाठवलं होतं. हे तिथं दोघांनाच माहीत होतं.

आणि मी, जिचं तोंड कधी मिटत नाही, ती गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चावी माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, "पाच फेऱ्या झाल्या नाहीत."

"इंजिनात तुयं काही चुकलं नाही," ते म्हणाले. आम्ही ते उघडलं तेव्हा आत खरोखर सगळं स्वच्छ होतं, ओरखडा नाही, करपट नाही. सिंथेटिकबद्दल माझं म्हणणं शब्द न् शब्द खरं निघालं. मामांना 'नाही' म्हणून कळवलं गेलं. गिऱ्हाईकही आपसूक माझ्याकडे वळलं, कारण मिस्त्रीला दिसत नाही हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. धुरकरी पुढच्या वर्षी तीच गाडी घेऊन उतरला, त्या वेळी काडी मी तीनदा पाहिली, आणि भोंग्यानं त्याचं नाव पूर्ण घेतलं.

बाबांनी मग लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. छान दिसू लागलं त्यांना. पण पाना त्यांनी परत हातात धरला नाही. बाकावर बसून पेपर वाचत.

चष्मा आला त्या दिवशी ते गॅरेजात आले, समोर उभ्या असलेल्या गाडीची काडी त्यांनी काढली, पुसली, बुडवली आणि उन्हात धरली. दोन्ही खुणांच्या मधोमध सिंथेटिक तेलाची रेघ होती. 

"आता दिसते," ते म्हणाले. मग काडी माझ्या हातात दिली. "त्या दिवशीही दिसलं असतं. मले नाही, तुले."

एवढंच. पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही, आणि ती काडी मी पाहिली नव्हती हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे.